ठासणीच्या रायफलीने एल्कची शिकार: गोळी जड घ्या आणि नळीत घट्ट बसणारी घ्या

तुमचा प्रश्न असा: कोलोरॅडोच्या सप्टेंबरमधल्या मझललोडर, म्हणजे ठासणीच्या बंदुकांच्या, हंगामाचा मादी एल्कचा (उत्तर अमेरिकेतलं सांबरासारखं मोठं हरीण) परवाना तुम्हाला पहिल्यांदाच सोडतीत लागलाय. हाताशी .५० कॅलिबरची, म्हणजे अर्धा इंच नळीची, इनलाइन (आधुनिक घडणीची ठासणीची) रायफल आहे, पीळ १:२८, म्हणजे नळीतल्या आट्यांचा एक फेरा २८ इंचांत. मिसूरीत असताना तिच्यातून सॅबोतली (प्लास्टिकच्या वेष्टणातली) २५० ग्रेनची गोळी (७,००० ग्रेन म्हणजे एक पाउंड), खाली दारूचे दोन पेलेट (दाबून केलेल्या वड्या) आणि वर दुर्बीण, असं करून तुम्ही तीन-चार व्हाइटटेल हरणं मारलीत. आता तोच संच एल्कला चालेल का? नसेल तर ३०० ग्रेन घ्यायची की ४६०, आणि शिसं की तांबं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. चालणार नाही, आणि तेही तिन्ही बाबतींत. कोलोरॅडोच्या मझललोडर हंगामात सॅबोला बंदी आहे, पेलेटला बंदी आहे आणि दुर्बिणीलाही बंदी आहे. दारू सुटी हवी, मोजून ओतायची. बिनधुराची दारू नाही. नेम उघड्या लोखंडी साइटवरून धरायचा. साइटवर फायबर ऑप्टिकचा ठिपका चालतो, पण बॅटरीवर चालणारं काहीही नाही. एल्कसाठी किमान .५० कॅलिबर लागतं. गोळी .५० पर्यंतच्या नळीत किमान १७० ग्रेनची आणि त्याहून मोठ्या नळीत किमान २१० ग्रेनची हवी. शंकूच्या आकाराच्या गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या दुपटीहून जास्त चालत नाही, म्हणजे तुमच्यासाठी एक इंच ही हद्द. नियमांची पुस्तिका दरवर्षी नवी निघते, ती एकदा स्वतः वाचाच. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. काउंटरमागचा पोरगा बहुतेक वेळा टेक्सास किंवा मिसूरीच्या हिशोबाने सल्ला देत असतो.

हे नियम ऐकून नवखे वैतागतात. मला मात्र ते आवडतात, कारण गोळीची निवड त्यांच्यामुळेच सोपी होते. दुर्बीण काढली की अंतर आपोआप आवळलं जातं. पन्नाशीच्या डोळ्यांनी मी उघड्या साइटवर १०० यार्डांच्या पुढे प्राण्यावर बार टाकत नाही, आणि तुमचे डोळे तरुण असले तरी पहिल्या वर्षी तुम्हीही टाकू नये. आता १०० यार्डांच्या आतच मारायचं असेल तर हलकी, वेगवान, सपाट जाणारी गोळी कशाला हवी? वेगाचा सगळा फायदा लांबच्या अंतराला असतो. जवळच्या अंतराला हाडामांसातून पार जाणारं वजन लागतं.

एल्क म्हणजे नुसतं मोठं व्हाइटटेल नव्हे. मिसूरीतली व्हाइटटेलची मादी दीडशे पाउंडांच्या आत-बाहेर. रॉकी पर्वतातली एल्कची मादी सुमारे ५०० पाउंड, म्हणजे सव्वादोनशे किलो, आणि नर ७०० पाउंड, म्हणजे ३२० किलोच्या घरात. ताडोब्यात पाणवठ्यावर मोठा सांबर नर पाहिला असेल तर अंदाज येईल. मादी एल्क साधारण त्याच्या तोलाची. खांद्याचं हाड जाड, कातडी जाड, अंगावर दाट केस. त्यात सप्टेंबर हा माजाचा काळ. नर ओरडत फिरतात, माद्यांचे कळप सतत हलत असतात, त्यामुळे जनावर अगदी आडवं, शांत उभं मिळेलच असं नाही. थोडं तिरकं उभं राहिलं की गोळीला दीड-दोन फूट मांस कापत जावं लागतं.

आता माझ्या पहिल्या नराची गोष्ट सांगतो, कारण माझं मत तिथूनच बनलं. सतरा-अठरा वर्षांपूर्वी मीही जाहिराती वाचून प्लास्टिकच्या बुडाची, पोकळ नाकाची, अडीचशे ग्रेनच्याही खालची मऊ शिशाची गोळी घेतली होती. दारू भरपूर, ११० ग्रेन. कागदावर टोळा (बारांच्या भोकांचा पुंजका) सुरेख यायचा. नर चाळीस यार्डांवर आला, किंचित माझ्याकडे तोंड करून. बार खांद्यावर बसला. त्याने एक गचका खाल्ला आणि गेला. रक्त पहिल्या साठ पावलांत थेंबथेंब, मग काहीच नाही. रात्री अकरापर्यंत बॅटरीच्या उजेडात माग काढला. सकाळी कावळे आणि मॅगपाय जमलेले दिसले म्हणून सापडला, जेमतेम सहाशे यार्डांवर. सप्टेंबरची उबदार रात्र आणि आतडी न काढलेलं जनावर. मागच्या फऱ्यांचं मांस हाडापाशी आंबलं होतं. कापून पाहिलं तर गोळी खांद्याच्या हाडावर फुटून पैशासारखी चपटी झाली होती आणि एकच फुप्फुस जेमतेम फाटलं होतं. दुसऱ्या बाजूला भोक नव्हतंच.

गोळी वाईट होती असं मी म्हणत नाही. तीच गोळी हरणाच्या बरगड्यांत उत्तम काम करते. पण मऊ, पोकळ, हलकी आणि वर अतिवेगवान, हे चारही गुण एकत्र आले की जवळच्या अंतरावर ती घाईने उमलते आणि तिथेच दम सोडते. बऱ्याच लोकांना वाटतं की दारू वाढवली की गोळी खोल जाईल. मऊ शिशाच्या बाबतीत पुष्कळदा उलटंच होतं.

म्हणून माझं उत्तर: .५० च्या नळीसाठी ३५० ते ४६० ग्रेनची, पूर्ण व्यासाची, मऊ शिशाची, भरीव किंवा अगदी उथळ खळग्याच्या नाकाची शंकू गोळी. हॉर्नडीची ग्रेट प्लेन्स ३८५ ग्रेनची असते, थॉम्प्सन सेंटरची जुनी मॅक्सी-बॉल ३७० ग्रेनची. छोटे कारागीर ४५० ग्रेनच्या वरच्याही ओततात. नावापेक्षा घडण बघा.

आकड्यांत सांगायचं तर एक माप आहे, गोळीचं पाउंडातलं वजन भागिले व्यासाचा वर्ग. नाकामागे किती वजन ढकलतंय ते त्यातून कळतं. .४९० च्या गोल गोळीचं ते ०.१०५ येतं, तुमच्या सॅबोतल्या .४५२ व्यासाच्या २५० ग्रेन गोळीचं ०.१७५, ३८५ ग्रेनच्या शंकूचं ०.२२ आणि ४६० ग्रेनच्या शंकूचं ०.२६. पहिला आणि शेवटचा आकडा शेजारी ठेवून बघा. शिवाय तुमची सॅबोतली गोळी .४५ व्यासाचं भोक पाडून सुरुवात करते. पूर्ण व्यासाचं शिसं न उमलताच अर्धा इंचाचं भोक पाडतं आणि उमललं तर मोठं. मला दोन भोकं हवी असतात, आत जायचं आणि बाहेर यायचं. एल्कचे दाट केस रक्त शोषून घेतात. वरच्या बाजूला एकच भोक असेल तर रक्त आत साठतं आणि जमिनीवर माग उमटत नाही.

३८५ की ४६०? माझा कल ३८५-४०० कडे आहे, आणि कारण फक्त खांदा. सात पाउंडांच्या रायफलीतून ४६० ग्रेनची गोळी १०० ग्रेन दारूवर मारली की धक्का असा बसतो की तिसऱ्या बाराला माणूस डोळे मिटून चाप ओढायला लागतो. भरपूर सराव करणाऱ्याने ४६० खुशाल घ्यावी. ज्याच्याकडे दीड महिना आणि मोजकी रविवारची दुपार आहे, त्याने ३८५ घ्यावी आणि पन्नास बार टाकावेत.

यापुढचा मुद्दा बहुतेक सल्ल्यांत दोन ओळींत उरकतात, पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे: गोळी तुमच्या नळीत बसते का.

माझ्या आजोबांकडे रत्नागिरीजवळच्या गावी पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, त्यावर छर्रे, परत बोळा. आट्यांचा पत्ता नाही, नळी आतून गुळगुळीत. तिथे माप थोडं इकडेतिकडे झालं तरी बोळा सांभाळून घ्यायचा. ‘नीट ठासली नाही तर बंदूक मालकालाच खाते’ असं आजोबा म्हणायचे, आणि ते आपल्या इनलाइन रायफलीलाही तंतोतंत लागू आहे.

सॅबोचं प्लास्टिक दाबून बसतं, त्यामुळे ती गोळी जागची हलत नाही. पूर्ण व्यासाच्या शिशाच्या गोळीला असा आधार नसतो. .५० लिहिलेल्या नळ्या प्रत्यक्षात .५०० ते .५०४ इंचांपर्यंत काहीही निघतात. गोळी सैल असेल तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे दारूचा वायू कडेने निसटतो आणि टोळा पसरतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दिवसभर नळी खाली करून चढउतार करताना गोळी हळूहळू दारूपासून पुढे सरकते. दारू आणि गोळीत पोकळी राहिली आणि बार टाकला, तर नळी फुगू शकते, फाटूही शकते.

तेव्हा असं करा. रायफल ठासल्यावर गज आत असताना नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. एक खूण रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. मग प्रायमर (दारू पेटवणारी टोपी) न लावता, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून, रायफल उलटी धरून आठ-दहा हलके हिसके द्या आणि गज परत घाला. खूण केसभरही वर आली तर ती गोळी तुमच्या नळीची नाही. जंगलातही दर दोन-तीन तासांनी मी गज घालून बघतो. सोबतचे हसतात, हसू देत.

गोळी अंगठ्याच्या जोराने सहज आत घसरली तर सैल. हातोडी लागली तर फार घट्ट. छोट्या स्टार्टरच्या (गोळी नळीच्या तोंडात ढकलायचा आखूड दांडा) एका ठोशात आट्यांत शिरून मग गजाने एकसारख्या जोराने खाली जाते, ती बरोबर. थोडी सैल असेल तर दारू आणि गोळी यांच्यात मेणचरबीत भिजवलेली लोकरीची चकती घाला. वायू अडतो आणि पकडही थोडी वाढते, पण सरकणाऱ्या गोळीवर तो इलाज नव्हे. काही कारागीर एकच गोळी हजाराव्या इंचाच्या फरकाने वेगवेगळ्या मापांत देतात. आधी नमुन्याला थोड्या मागवा, बसेल त्या मापाची पेटी घ्या.

चरबीवरून आठवलं. शिशाच्या गोळीवरच्या खाचांत जे मेण आणि चरबी भरतात, तो मसाला आपल्या इतिहासात चांगलाच प्रसिद्ध आहे. १८५७ च्या काडतुसांची एनफिल्ड १८५३ ही रायफल ठासणीचीच होती, .५७७ कॅलिबरची, आणि काडतुसाच्या कागदाला चरबी लावायची ती गोळी नळीत सहज उतरावी आणि दारूची काजळी मऊ राहावी म्हणून. कारण आजही तेच आहे. मी मधमाशीचं मेण आणि टॅलो, म्हणजे गुरांची चरबी, मिसळून घरीच करतो. सप्टेंबरच्या दुपारी उन्हात ठेवलेल्या गाडीत ते वितळून दारूत उतरणार नाही इतकं मेण जास्त हवं, एवढंच सांभाळा.

शिशाचा कडकपणाही बघा. निव्वळ शिसं ब्रिनेल मापावर ५ च्या आसपास येतं. ते बाराच्या धक्क्याने किंचित फुगून आट्यांत बसतं, म्हणूनच ठासणीच्या रायफलीला मऊ शिसं लागतं. थोडं कथील घातलं, समजा ३० भाग शिशाला १ भाग, की ते ९ च्या घरात जातं आणि हाडावर कमी पसरतं. आपल्या मध्यम वेगाला दोन्ही चालतात. जुन्या टायरच्या वजनांचं शिसं मात्र वापरू नका. अँटिमनीमुळे ते कडक असतं, आट्यांत फुगत नाही आणि ठासताना घाम काढतं.

तांब्याच्या पूर्ण व्यासाच्या गोळ्याही मिळतात आणि चांगल्या असतात. वजन टिकवतात, पार जातात, मांसात शिशाचे कण सोडत नाहीत. घरात लहान मुलं मांस खाणार असतील, किंवा आतडी खायला येणाऱ्या गरुडांची काळजी असेल, तर तांबं घ्यायला माझी ना नाही. पण तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे पाव पट लांब होते, म्हणजे एक इंचाची हद्द मोजूनच घ्या. आणि ते शिशासारखं फुगून चूक सांभाळून घेत नाही, त्यामुळे मापाची काटेकोर निवड इथे दुप्पट लागते. पहिल्या वर्षासाठी मी शिसंच सांगेन.

गोल गोळी? कायद्याने चालते; .४९० ची १७७ ग्रेन भरते, म्हणजे १७० ची अट जेमतेम पार. पण ढोबळ हिशोब बघा. नळीतून सेकंदाला १,९०० फूट वेगाने निघाली तर तिच्यात १,४०० फूट-पाउंडांच्या वर जोर असतो, १०० यार्डांवर तो साडेचारशेच्याही खाली येतो. ३८५ ग्रेनची शंकू १,४०० फूट वेगाने निघते आणि १०० यार्डांवर हजाराच्या वर जोर राखून असते. शिवाय १:२८ चा पीळ गोल गोळीला फार वेगाने फिरवतो. तिला १:६० च्या आसपासची संथ नळी मानवते. पारंपरिक रायफल घेऊन पन्नास यार्डांच्या आत मारणाऱ्यांचा मला आदर आहे. तुमचं काम ते नाही.

दारूबद्दल थोडक्यात. सुटी ट्रिपल सेव्हन (काळ्या दारूऐवजी वापरायची दारू) एफएफजी दाण्याची सहज मिळते आणि पाण्याने साफ होते. दारूचे ग्रेन मापाच्या नळीने, म्हणजे आकारमानाने मोजायचे, गोळीचे ग्रेन वजनाचे. नवखे हे दोन हटकून एक करतात. ट्रिपल सेव्हन काळ्या दारूपेक्षा जोरदार आहे, म्हणून काळ्या दारूचं प्रमाण तिला जसंच्या तसं लावू नका. ७० ग्रेनपासून सुरू करा, पाच-पाचने वाढवा, तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा कधीच ओलांडू नका, आणि टोळा पसरायला लागला की एक पायरी मागे या. माझी रायफल ८० ग्रेनवर खूश आहे. प्रत्येक बारानंतर ओल्या फडक्याने एकदा आणि कोरड्याने एकदा नळी पुसा. ट्रिपल सेव्हन दारूच्या जागेपाशी कडक काजळीचं कडं धरते. ते राहिलं तर पुढची गोळी पूर्ण खाली बसत नाही, आणि गोष्ट परत त्या पोकळीवर येते.

साइट १०० यार्डांवर बसवली तर ३८५ ची गोळी ५० वर अडीच-तीन इंच वर लागते आणि १५० वर साधारण दहा इंच खाली. एल्कच्या छातीतला मर्माचा भाग एक फुटाच्या आसपास. म्हणजे शंभरच्या आत थेट मध्यावर धरा, काही हिशोब करू नका. दीडशेवर अंतराचा अंदाज पंधरा-वीस यार्डांनी चुकला तर गोळी मर्माच्या बाहेर. ताशी दहा मैलांचा आडवा वारा १०० यार्डांवरच चार-पाच इंच सरकवतो, हेही लक्षात असू द्या. कड्यावर वारा नेहमीच असतो. सराव बेंचवरून फक्त साइट बसवण्यापुरता करा, बाकीचा गुडघ्यावर बसून आणि काठीच्या टेकूवर. पहिला बार थंड नळीतून कुठे जातो ते वहीत लिहून ठेवा, कारण एल्क तुम्हाला तोच बार देणार आहे.

नेम पुढच्या पायाच्या मागच्या घडीवर, छातीच्या खालून एक-तृतीयांश उंचीला. तिरकी उभी असेल तर पलीकडच्या पुढच्या पायाकडे गोळी निघेल असं धरा. तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर थांबा. बार टाकल्यावर धुरात काही दिसत नाही, म्हणून कान लावा आणि ती कुठे उभी होती ते झाड डोळ्यांत धरून ठेवा. आधी परत ठासा, मगच पाऊल उचला. पडलेली दिसत नसेल तर अर्धा तास बसून राहा. तेवढ्यात हात थरथरायचे थांबतात, हाही फायदा.

खिशात तीन स्पीड लोडर (मोजलेली दारू आणि गोळी आधीच भरून ठेवलेल्या नळ्या) पुरे. दारू पावसापासून सांभाळा. दहा हजार फुटांवर सप्टेंबरच्या दुपारी गारा आणि पाऊस रोजचेच. नळीच्या तोंडावर फुगा किंवा चिकटपट्टी लावली तरी चालतं, बार त्यातून निघून जातो. संध्याकाळी गाडीपाशी आल्यावर प्रायमर काढून ठेवा.

आणि त्या सॅबोच्या गोळ्या, पेलेट, दुर्बीण फेकू नका. ती बंदी मझललोडर हंगामापुरती आहे. पुढे कधी ऑक्टोबरच्या रायफल हंगामाचा हरणाचा परवाना मिळाला आणि हीच रायफल न्यावीशी वाटली, तर तुमचा मिसूरीचा संच तिथे उपयोगी पडेल. या वेळी मात्र त्यांची पेटी घरीच ठेवा. रानात तपासणीला अधिकारी येतात, आणि पाठीवरच्या पिशवीत सॅबो का आहेत हे समजावत बसणं बरं नव्हे.